नाल्यावर स्लॅब: प्रभागाची मागणी आणि शहराचे पाणी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महानगरपालिकेतले आहे. शहर आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे गाळली आहेत, ठिकाणाच्या खुणा बदलल्या आहेत आणि मोजमापे जवळच्या सोप्या आकड्यावर आणली आहेत. मागणी राज्यातल्या कुठल्याही शहरात ऐकू येते तीच: नाल्याचा वास येतो, डास होतात, तर वर स्लॅब टाका आणि मोकळे व्हा.

पार्श्वभूमी

टेकडीवरून निघून नदीला मिळणारा एक ओढा. जुन्या नकाशात ओढा, बोलण्यात नाला. त्याचा ४१० मीटरचा तुकडा या परिसरातून जातो. उजव्या काठावर १९९० नंतर उभ्या राहिलेल्या सात गृहनिर्माण संस्था आहेत. डाव्या काठावर त्यांच्याही आधीची, साधारण ६० घरांची वस्ती. त्यातल्या १४ घरांची मागची भिंत हीच नाल्याची भिंत. खालच्या टोकाला बाजाराचा रस्ता आणि त्याखालून नाल्याचे पाणी पलीकडे नेणारी जुनी मोरी.

नाला सरासरी ४ मीटर रुंद, २ मीटर खोल, तळाचा उतार १ : २५०. उजव्या काठाला सोसायट्यांच्या सीमाभिंती आणि नाला यांच्यामध्ये महापालिकेच्या मालकीची ६ मीटर रुंद पट्टी होती. कागदावर तो देखभालीचा रस्ता, प्रत्यक्षात तिथे पस्तीसेक मोटारी कायमच्या उभ्या.

मोरीपर्यंतचा पाणलोट, म्हणजे जिथले पावसाचे पाणी तिथवर येते ते क्षेत्र, १८० हेक्टरांचा आहे आणि त्यात हा परिसर जेमतेम ९ हेक्टर, म्हणजे विसावा हिस्सा. बाकीचे पाणी वरच्या दोन प्रभागांतून येते. पुढचे सगळे भांडण या प्रमाणातून निघाले, पण पहिल्या दोन बैठकांत कोणीही हा आकडा मांडला नाही.

अडचण

उन्हाळ्यात दुर्गंधी आणि डास, पावसाळ्यात घरात पाणी. मागच्या तीन पावसाळ्यांपैकी दोन वेळा वस्तीत गुडघाभर पाणी शिरले होते. सोसायट्यांत शिरले नव्हते. त्यांची जोती उंच आहेत. त्यामुळे ‘परिसराची मागणी’ म्हणून आलेल्या निवेदनात पुराचा उल्लेख शेवटच्या ओळीत होता. मुख्य मुद्दे दोनच, वास आणि पार्किंग. स्लॅब पडला की ४१० मीटर लांबीचा वाहनतळ आपोआप मिळणार होता.

वस्तीची मागणी निराळी होती: पाणी थांबवा, पण नाला आमच्या बाजूने एक वीतही वाढवू नका. तिचे लेखी निवेदन कुठेच नव्हते. प्रभागातल्या चार नगरसेवकांपैकी दोघांनी स्लॅबचे काम अंदाजपत्रकात सुचवले होते, उरलेले दोघे गप्प होते.

महापालिकेकडे या नाल्याचा एक आराखडा सहा वर्षे पडून होता. सल्लागाराने पूर्ण शहरासाठी केलेल्या पावसाळी पाण्याच्या अहवालात हा नाला सलग ७ मीटर रुंद दाखवला होता. त्यासाठी डाव्या काठाची ३८ घरे हलवावी लागणार होती. पुनर्वसनाची जागा ठरलेली नव्हती, निधीही नव्हता. तरीही पावसाळी गटार विभाग नागरिकांच्या प्रत्येक पत्राला ‘मंजूर आराखड्यानुसार कार्यवाही करण्यात येईल’ असे उत्तर देत होता. लोकांची मागणी चुकीच्या उपायाची होती आणि शहराचे उत्तर कधीच न होणाऱ्या कामाचे. दोन्ही बाजू सारख्याच हवेत होत्या, हे आधी मान्य करावे लागले.

आकडे काय सांगत होते

पाणलोटातून येणारे पाणी काढायचे साधे सूत्र सगळ्या अभियंत्यांना पाठ असते: पडलेल्या पावसापैकी वाहून येणाऱ्या पाण्याचे प्रमाण गुणिले ताशी पाऊस मिलिमीटरमध्ये गुणिले क्षेत्र हेक्टरमध्ये, भागिले ३६०. टेकडीचा उतार मोकळा होता तेव्हा प्रमाण ०.४५ धरता आले असते. ताशी ६० मि.मी. पावसाला तेव्हा सेकंदाला १३.५ घनमीटर पाणी आले असते. आता वर इमारती, काँक्रीटचे रस्ते आणि फरशीचे वाहनतळ झाल्यावर प्रमाण ०.७५ आणि पाणी २२.५ घनमीटर. पाऊस तोच, पाणी सुमारे १.७ पट. सल्लागाराने मात्र ताशी ८० मि.मी. पाऊस आणि प्रमाण ०.९ धरून ३६ घनमीटर काढले होते.

उघडा नाला स्वच्छ असेल तर साधारण २० घनमीटर वाहून नेतो. तळाशी अर्धा मीटर गाळ साचला की १३.७. नालेसफाई हा मे महिन्यातला फोटोपुरता कार्यक्रम नसतो, ते या एका फरकात दिसते.

आता स्लॅब. ४ मीटरच्या गाळ्यावर (दोन आधारांमधल्या मोकळ्या जागेवर) स्लॅब पातळ ठेवून वाहनांचे वजन पेलायचे तर मध्ये आधारभिंत हवी. ३० सेंटीमीटरची भिंत धरली की १.८५ मीटरचे दोन गाळे उरतात. स्लॅबची जाडी वजा जाता आतली उंची १.७ मीटर. पाणी छताला टेकले की छतही घर्षण करते. नव्या काँक्रीटचा गुळगुळीतपणा जमेला धरूनही दोन्ही गाळ्यांतून मिळून १३ घनमीटरच्या आतच पाणी जाते, तेही गाळ अजिबात नसताना. आणि गाळ काढायला पोकलेन आत जाऊ शकत नाही. माणूस उतरवायचा तर मैलापाण्याच्या बंद जागेत हायड्रोजन सल्फाइड साचतो, आणि गटारात माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

डासांविषयीचा समजही तपासावा लागला. साचलेल्या घाण पाण्यातले क्युलेक्स डास झाकणाच्या फटीतूनही ये-जा करतात. डेंग्यू पसरवणारा एडिस तर घरातल्या पिंपात, कुंडीखालच्या थाळीत, टायरमध्ये वाढतो. त्याला नाल्यावरचा स्लॅब आडवा येत नाही.

पर्याय

टेबलावर चार गोष्टी आल्या. पहिली, पूर्ण स्लॅब. दुसरी, ७ मीटरचा मंजूर आराखडा जसाच्या तसा. तिसरी, वर्षातून दोनदा गाळ काढून बाकी सगळे आहे तसे ठेवणे. स्वस्त, आणि वासाला शून्य उत्तर.

चौथी गोष्ट कोणाच्याच निवेदनात नव्हती. नाला उघडाच ठेवून उजव्या काठाकडे १ मीटर वाढवायचा, म्हणजे रुंदी ५ मीटर. वर ३० सेंटीमीटर मोकळी उंची सोडूनही तो साधारण २२ घनमीटर नेतो आणि डाव्या काठाचे एकही घर हलत नाही. उरलेल्या ५ मीटर पट्टीत ४ मीटरचा रस्ता, जो पोकलेनला देखभालीसाठी आणि एरवी लोकांना चालायला, आणि १ मीटरची झाडांची ओळ. मैलापाण्यासाठी काठाने स्वतंत्र वाहिनी. याची किंमत पस्तीस मोटारींची जागा.

इथे ३६ ऐवजी २२.५ घनमीटर धरणे ही जाणूनबुजून पत्करलेली जोखीम होती, आणि टिपणीत ती तशीच लिहिली गेली. मुंबईत ब्रिमस्टोवॅड या पावसाळी पाण्याच्या योजनेत ताशी ५० मि.मी. पावसाची क्षमता धरली होती आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. पडला. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केले ते राज्याने पाहिले आहे. तरीही ३६ घनमीटरचा नाला कागदावर आणि १० घनमीटरची मोरी जमिनीवर (हा आकडा कसा निघाला ते पुढे), यापेक्षा २२ घनमीटरचा प्रत्यक्ष नाला बरा, असा हिशेब होता. तुटीसाठी वरच्या प्रभागातले ०.८ हेक्टरचे मैदान ६० सेंटीमीटर खाली घेऊन तिथे पाणी तात्पुरते थोपवायचे ठरले. त्यात ४,८०० घनमीटर पाणी मावते. सेकंदाला ५ घनमीटर जादा आले तर सोळा मिनिटे. छोट्या पाणलोटात ढगफुटीसारख्या पावसाचा सर्वात जोराचा भाग बऱ्याचदा तेवढाच वेळ टिकतो.

निर्णयाच्या जागा

*कोणाला बोलवायचे.* २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्रसभेची, म्हणजे त्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद महापालिका कायद्यात आली, पण इथे ती कधी भरली नव्हती. क्षेत्रीय अधिकाऱ्यांनी शाळेच्या सभागृहात बैठक लावली. पहिल्या बैठकीला सोसायट्यांचे पदाधिकारी आले, वस्तीतून दोघे आले आणि मागे उभे राहिले. वेळ सकाळी अकराची होती; कामावर जाणारा माणूस येणार कसा? दुसरी बैठक रात्री आठला, वस्तीतल्या समाजमंदिरात झाली. तिथे एका बाईंनी अभियंत्यांना विचारले, “साहेब, पाणी मोरीपासून मागे येतं, वरून येत नाही. तुम्ही वर काय मोजताय?” या प्रश्नाने प्रकरणाची दिशा बदलली.

*पुराच्या खुणा.* त्यानंतर नाल्याकाठी पायी फेरी काढली. प्रत्येक घरमालकाने मागच्या पुराची पातळी भिंतीवर खडूने दाखवली आणि भूमापकाने ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) प्रत्येक खूण तळाच्या पातळीशी जोडून घेतली. सव्वीस खुणा मिळाल्या. तीन जुळल्या नाहीत, त्या सोडल्या. उरलेल्यांवरून पाण्याची रेघ काढली तेव्हा मोरीच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या पातळीत ०.९ मीटरचा फरक निघाला. सल्लागाराच्या अहवालात तिथे पेटी पद्धतीची, म्हणजे काँक्रीटच्या चौकोनी गाळ्यांची मोरी दाखवली होती. उतरून पाहिले तर १.२ मीटर व्यासाचे तीन ह्यूम पाइप (काँक्रीटचे गोल पाइप) निघाले. तिघांचे मिळून क्षेत्रफळ ३.४ चौरस मीटर, म्हणजे सेकंदाला जेमतेम १० घनमीटर. त्यांच्या तोंडाशी ६०० मि.मी.ची पाण्याची मुख्य वाहिनी नाल्यातून आडवी गेलेली, आणि तिला प्लास्टिक व गाद्या अडकलेल्या. सहा वर्षे ज्या अहवालाचा हवाला दिला जात होता तो जुन्या नकाशावरून केलेला होता.

इथे एका सोसायटीतल्या निवृत्त अभियंत्यांनी बिनतोड वाटणारा मुद्दा काढला: मोरीतून जाते दहा, स्लॅबखालून जाईल बारा-तेरा, मग स्लॅबने बिघडते काय? उत्तर असे की मोरी मोठी केली की पुढची अडचण स्लॅबच होईल, आणि तो नंतर फोडायला कोणी तयार होणार नाही. शिवाय उघडा नाला भरत आला की दिसतो, माणसे सावध होतात. बंद नाला दाबाखाली येतो आणि चेंबरची झाकणे उडवून एकदम बाहेर पडतो.

*कामाचा क्रम.* नाल्याचे काम खालून वर करायचे असते. वरचा भाग आधी रुंद केला तर मोरीशी पाणी लवकर आणि जास्त पोहोचते, आणि पूर वाढतो. सोसायट्यांना मात्र आपल्या दारातले काम आधी हवे होते. पहिल्या वर्षी मोरी आणि मुख्य वाहिनीचे स्थलांतर, दुसऱ्या वर्षी मैलावाहिनी आणि भिंत, असा क्रम क्षेत्रीय अधिकाऱ्यांनी लेखी जाहीर केला. त्यामुळे निधीची फोडही सोपी झाली. मोरी रस्ते विभागाकडे, वाहिनी पाणीपुरवठ्याकडे, मैलावाहिनी मलनिःसारणाकडे, आणि प्रभागाच्या निधीतून फक्त पट्टीवरचा रस्ता, दिवे आणि झाडे.

*वास कुठून येतो.* काठावर अकरा ठिकाणी मैलापाणी थेट नाल्यात पडत होते. कोणाचे ते शोधायला शौचालयांत रंग टाकून पाहिला. अकरापैकी चार तोंडे तक्रार करणाऱ्या सोसायट्यांचीच निघाली. सेप्टिक टाक्यांचे ओव्हरफ्लो वर्षानुवर्षे मागच्या बाजूने सोडलेले. यानंतर बैठकीचा सूर बराच उतरला.

काय केले

मोरी: २.५ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच असे दोन गाळे. रस्ता अर्धा-अर्धा बंद ठेवून जागेवरच काँक्रीट ओतले. तयार पेट्या आणून बसवल्या असत्या तर काही आठवडे वाचले असते, पण त्यांचा दर चालू दरसूचीत नव्हता आणि वेगळी दरमंजुरी घ्यायला कोणी तयार झाले नाही.

मैलावाहिनी: काठावर आणि लगत मिळून ६,००० लोकसंख्या धरली. माणशी १३५ लिटर पाणी आणि त्याच्या ८० टक्के मैलापाणी, म्हणजे सरासरी सेकंदाला ७.५ लिटर. सकाळच्या गर्दीला तिप्पट धरले की २२.५. या उताराला २०० मि.मी.चा पाइप कमी पडतो, २५० चा पुरतो. पुढची वाढ आणि चोकअप काढायची सोय पाहून ३०० मि.मी.चा घेतला, दर ३० मीटरवर चेंबर.

भिंत आणि पट्टी: उजवी भिंत १ मीटर मागे घेतली. तळ पूर्ण काँक्रीटचा केला नाही, फक्त कडांना दगडी पिचिंग (दगडांचे अस्तर) केले. पट्टीच्या दोन्ही टोकांना काढता येणारे लोखंडी खांब. किल्ली क्षेत्रीय कार्यालयात आणि अग्निशमन केंद्रात. मोटारींसाठी मागच्या रस्त्यावर एका बाजूला आखलेले पार्किंग दिले, पण जागा निघाली एकवीसच. उरलेल्या चौदा जणांनी खांब बसवायच्या दिवशी काम अडवले. तोडगा असा की शाळेचे पटांगण रात्री आठ ते सकाळी सात पार्किंगला मोकळे करायचे. शाळेने एक वर्षापुरते मान्य केले.

एक तडजोड मात्र नाला उघडा ठेवण्याच्या निर्णयालाच छेद देणारी झाली. शाळेसमोर व्हॅन वळवायला १२ मीटर लांबीचा स्लॅब हवा म्हणून सगळेच अडून बसले आणि तो मंजूर झाला. स्लॅबला उचलता येणारी झाकणे हवीत, असे टिपणीत होते. निविदेच्या परिमाणपत्रकात, म्हणजे कामाच्या बाबींच्या आणि मापांच्या यादीत, ती बाब उतरली नाही, आणि ठेकेदाराने सलग स्लॅब ओतला.

निकाल

पहिला पावसाळा वाईट गेला. कार्यादेश डिसेंबरऐवजी फेब्रुवारीत निघाला, ६०० मि.मी.ची वाहिनी हलवायला पाणीपुरवठा विभागाला शटडाउन एप्रिलअखेर मिळाला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मोरीचा एकच गाळा तयार होता. दुसऱ्यात सेंट्रिंग तसेच. पाणी वळवायला घातलेला मातीचा बांध वेळेत काढला नाही आणि नऊ घरांत पाणी शिरले. ज्या वस्तीने खुणा दाखवून शहराची चूक पकडून दिली तिलाच ते सोसावे लागले. दुसऱ्या दिवशी सोसायट्यांच्या गटात स्लॅबचे निवेदन पुन्हा फिरू लागले.

दुसऱ्या पावसाळ्यात, भिंत पूर्ण झाल्यावर, एका संध्याकाळी तासात ४८ मि.मी. पाऊस झाला. पाणी भिंतीच्या माथ्याखाली ४० सेंटीमीटरवर राहिले, कोणाच्याही घरात गेले नाही. शाळेसमोरच्या स्लॅबखाली मात्र पावसाळा संपताना ३५ सेंटीमीटर गाळ निघाला, आणि तो काढायला एका बाजूने स्लॅब कापावा लागला.

वास कमी झाला, गेला नाही. अकरापैकी आठ तोंडे वाहिनीला जोडली गेली. उरलेली तीन वस्तीतली आहेत. त्या घरांत चेंबर बसवायला जागाच नाही आणि दोन घरांचा तळ वाहिनीच्या पातळीपेक्षा खाली आहे. शिवाय वरच्या प्रभागातून येणारे मैलापाणी येतेच. मार्च ते मे तक्रारी चालू आहेत. खांबांपैकी दोन चोरीला गेले आणि पट्टीवर पुन्हा सहा-सात मोटारी दिसू लागल्या आहेत. चालायला मात्र संध्याकाळी गर्दी असते, दोन्ही काठांची.

पुन्हा करायचे तर

पुराच्या खुणांची फेरी पहिल्या बैठकीच्या आधी. ती दोन दिवसांत होते, एक भूमापक आणि दोन मदतनीस पुरतात, आणि लोक निवेदनातल्या उपायावर अडून बसण्याआधी सगळ्यांसमोर एकच चित्र येते. बैठकीत ‘तुम्हाला काय हवे’ असे विचारले की उत्तर ‘स्लॅब’ येते. ‘त्रास कधी, कुठे, किती वेळ होतो’ असे विचारले की मोरीपर्यंत पोहोचता येते.

रंग टाकून तपासणीही आधीच, आणि तिचा निकाल भर बैठकीत न सांगता संबंधित सोसायटीला आधी कळवून. इथे तो सर्वांसमोर जाहीर झाला. दोन अध्यक्षांनी ते मनावर घेतले आणि पार्किंगच्या वेळी तेच सर्वात पुढे होते.

मोरीसाठी तयार पेट्यांची दरमंजुरी सप्टेंबरमध्येच घ्यायला हवी होती. मुख्य वाहिनीच्या शटडाउनची तारीख लेखी मिळाल्याशिवाय मोरीची निविदा उघडायला नको होती. ३१ मेला काम कुठल्या अवस्थेत थांबवता येईल, तेव्हा मातीचा बांध कोण काढेल आणि कोणाच्या खर्चाने, हे ठेक्याच्या अटीत हवे. आणि तडजोडीत मान्य झालेली प्रत्येक गोष्ट परिमाणपत्रकात बाब म्हणून उतरली का, हे तडजोड करणाऱ्यानेच सही करण्याआधी पाहायला हवे. टिपणीत असणे आणि परिमाणपत्रकात असणे यातला फरक शाळेसमोरच्या १२ मीटरच्या स्लॅबने शिकवला.

राहता राहिले वरच्या प्रभागातले मैदान. तिथल्या मुलांच्या क्रिकेट संघाने आणि सकाळच्या व्यायाम मंडळाने मिळून हरकत घेतली: खालच्यांच्या पाण्यासाठी आमचे मैदान का खणायचे? वर्षातून तीन-चार वेळा काही तास पाणी थांबेल, एरवी मैदान वापरात राहील, असे अभियंत्यांनी सांगितले. चिखल कोण काढणार, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. देखभालीची तरतूद उद्यान विभागाने करायची की पावसाळी गटार विभागाने, या शेऱ्यासह फाइल दोन विभागांच्या मध्ये आहे. त्या प्रभागात अजून कोणी खडू घेऊन फिरलेले नाही.